बाहुलीचे पाय

दुसरा पाय निघून हातात आला तेव्हा केकताईच्या लक्षात आलं, की ही बाहुली दुकानातली नव्हे. पहिला निघाला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. वीस वर्षं हात हेच करत आले होते. बाहुली डाव्या मुठीत कमरेशी धरायची, उजव्या हातानं मांडी बाहेरच्या बाजूला ओढून जरा पिरगळायची, टक् असा आवाज होतो, पाय सुटतो, मग दुसरा. त्याला डोकं लागत नाही, मनगट लागतं. बोलता बोलता होतं, रेडिओ ऐकता ऐकता होतं, संध्याकाळच्या भाजीचा विचार करता करता होतं. आज ती ओव्हनच्या काचेतून स्पंज फुगतोय का ते बघत होती, आणि तेवढ्यात हात आपलं काम उरकून मोकळे झाले होते. ओट्यावर दोन पाय पडले होते, गुलाबी, गुडघ्याशी किंचित मळकट, आणि त्यातल्या एकाच्या अंगठ्यावर कुणीतरी कधीतरी लाल नेलपॉलिश लावलेलं होतं. दुकानातल्या बाहुल्यांना नेलपॉलिश नसतं. त्या करकरीत कोऱ्या येतात, त्यांना अजून कुणी हात लावलेला नसतो. ही बाहुली घरातली होती. सकाळी कामावर जाताना नवऱ्यानं ती कपाटाच्या वरच्या खणातून काढून दिली होती, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली, आणि म्हणाला होता, "हीच असते दरवर्षी. हिचाच करायची ती." ती म्हणजे कोण, हे या घरात विचारावं लागत नाही.

झालं ते झालं, असं तिनं स्वतःला बजावलं. नाहीतरी बाहुली कमरेपर्यंत केकमध्येच उभी राहणार. झग्याच्या आत पाय आहेत की नाहीत, हे बघायला कोण जातंय? मेणबत्त्या विझल्या, फोटो निघाले, की बाहुली परत अभ्र्यात आणि अभ्रा परत वरच्या खणात. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं दोन्ही पाय उचलले, डोळ्यांसमोर नकोत म्हणून एप्रनच्या खिशात टाकले आणि ओव्हन बंद केला. पण ओव्हनपासून टेबलापर्यंत जाताना ते पाय खिशातून मांडीला लागले. वजन ते काय, बोटाएवढे जाड, पोकळ रबरी पाय. तरी ते आहेत, हे मांडीला कळत होतं.

दुकानात याची कुणाला लाज नव्हती. बाहुलीचा केक म्हणजे अर्धी बाहुली, हा धंद्यातला नियमच. केक भाजतात तो खोलगट गोल भांड्यात. तो उपडा घातला की झग्याचा घेर आपोआप तयार होतो. पण भांड्याची खोली असते वीतभरही नाही आणि बाहुलीचे पाय त्याहून लांब. पाय ठेवले तर ती मांड्यांपर्यंत उघडी उभी राहते, ऐन समारंभात झगा घसरल्यासारखी. म्हणून पाय काढायचे, खालून एक काडी खुपसायची आणि बाहुली केकमध्ये रोवायची. निघालेले पाय एका पत्र्याच्या डब्यात जमत. नवीन लागलेल्या एका मुलीनं चेरी शोधताना तो डबा उघडला होता आणि अशी किंचाळली होती, की बाहेरचं गिऱ्हाईक आत धावत आलं होतं. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे," मालक म्हणाला होता, "आपल्याकडे डब्यात दिसतात." सगळे पोट धरून हसले होते, केकताईही हसली होती. बाहुलीचे केक सगळ्यांत चांगले तिचेच होत. मऊ गुलाबी झगे, जांभळे झगे, निळ्यात पांढऱ्या लाटा असलेले झगे. दुसऱ्यांच्या लेकींची नावं क्रीमनं लिहिता लिहिता तिची चाळिशी उलटून गेली होती. आणि गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत तिनं त्यातला एकही केक कापताना पाहिला नव्हता. केक खोक्यात जाई, खोक्याला दोरी बांधली जाई, दाराची घंटा वाजे आणि संपलं. पुढं कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलावर त्याचं काय होतं, पहिली सुरी कुठे घालतात, शेवटी ताटलीत काय उरतं, हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक असायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

तिचं लग्न जमलं तेही एका केकमुळेच. तीन मजली केक पोचवायला ती एका उंच इमारतीत गेली असताना लिफ्ट अधेमधे अडकली, आणि दार उचकटून जो माणूस आत वाकला त्यानं आधी विचारलं, "केक सरळ आहे ना?" माणसाची चौकशी नंतर. तिला ते फार आवडलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, बायको वारलेला, एक मुलगी असलेला. भाऊ म्हणाला, "बघ बाई, तुझं तू ठरव." वहिनीनं, खोली रिकामी होणार या आनंदात, स्वतःच्या हातांनी तिच्या बॅगा भरून दिल्या. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. या घरात तिला पाहुण्यासारखं वाटे असं म्हणावं तर तेही खरं नाही, पाहुण्याला निदान परत जायचं असतं. मीठ कुठल्या बरणीत, पडदा कुठल्या बाजूला सरकवायचा, न्हाणीघराची कडी आधी उचलून मगच ओढायची, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून गेलेलं होतं. तिनं काही बदललं तर नवरा काही बोलत नसे. मुंगीही काही बोलत नसे; फक्त दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी आपल्या जुन्या जागी असे.

मुंगी म्हणजे नवऱ्याची मुलगी. बारीक, सावळी, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असलेली, म्हणून बापानं ठेवलेलं नाव. लग्नानंतर बाप तिला म्हणाला होता, "हिला आई म्हण." मुंगीनं मान हलवली होती, आणि त्यानंतर केकताईला कशानंच हाक मारली नव्हती. आई नाही, ताई नाही, मावशी नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राही आणि आपल्याकडे लक्ष जाईपर्यंत थांबे. मग भिंतीशी बोलावं तसं बोले. "डबा भरायचा राहिलाय." "एक बूट सापडत नाहीये." ती उद्धट नव्हती. उद्धट असती तर रागावता आलं असतं, रागावल्यावर जवळ घेता आलं असतं. केकताईनं मनाशी कबूल केलं होतं, की हे पोर आपल्याला हवंय. नवऱ्यापेक्षाही जास्त हवंय. पण हवं असणं हे काही हातातलं काम नव्हे, की मान खाली घालून नेटानं केलं आणि झालं.

फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेले वाढदिवसांचे फोटो होते. प्रत्येक फोटोत मुंगी आधीच्याहून थोडी मोठी आणि बाहुली तीच. मुंगीची आई एकाच फोटोत होती, तीही कडेला, अर्धी. केक मात्र सगळ्या फोटोंत नीट दिसत होते. झगा एका बाजूला कललेला, रंग कुठे गडद कुठे फिका, आणि दरवर्षी न चुकता कमरेभोवती क्रीमचा तो जाडजूड पट्टा, बाहुलीनं अंगाला टॉवेल गुंडाळावा तसा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच केकताईला कळलं होतं, की पाय काढलेले नाहीत, केकची उंची कमी पडली, म्हणून उघडं राहिलेलं अंग क्रीम थापून झाकलंय. नवशिक्या बायका हमखास करतात ती चूक. एकदा झाली तर समजू, दरवर्षी? तिला हसू आलं होतं. हसू आलं म्हणून लाज वाटली होती, आणि लाज वाटूनही ते हसू तिनं जपून ठेवलं होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. ते चिडत नाही, थकत नाही, माघार घेत नाही. पण त्याच्यापेक्षा एखादी गोष्ट चांगली करून दाखवता येते, आणि ती नेमकी गोष्ट तिच्या हातात होती. मागच्या आठवड्यात मुंगी फ्रिजपाशी उभी राहून, फ्रिजलाच सांगावं तसं म्हणाली होती, "वाढदिवसाला बाहुलीचा असतो." तेव्हापासून केकताई आजच्या दिवसाची वाट बघत होती.

म्हणून आज तिनं त्यात जीव ओतला. स्पंज गार होऊ दिला, भांड्याच्या कडेनं सुरी फिरवून उपडा घातला, घुमटाचे आडवे चकत्यांसारखे थर कापले, प्रत्येक थराला साखरेचं पाणी पाजलं आणि मधे क्रीम लावून पुन्हा रचले. मधोमध नळीनं भोक पाडलं. वरून पातळ क्रीमचा हात दिला, फ्रिजमध्ये घट्ट होऊ दिला, मग चांदणीच्या तोंडाची नोझल लावून खालच्या कडेपासून फुलं काढायला घेतली. खाली गडद गुलाबी, वर चढता चढता फिकट, कमरेशी जवळजवळ पांढरी. टर्नटेबल डाव्या हातानं जरा फिरवायचं, उजवा हात दाबायचा, सोडायचा, उचलायचा. एकसारखी, एकाला एक लागून, मधे केसाएवढी फट नाही. तिला इतका आनंद झाला होता, की ती गुणगुणत होती. मधूनच वाकली की खिशातले पाय मांडीला लागत, आणि गुणगुणणं थांबे, मग पुन्हा सुरू होई. बाहुलीच्या अंगात छोट्या नोझलनं चोळी भरली, केस विंचरून वर बांधले. कंबर कशी, चिमटीत मावेल अशी. पट्टा नाही, फुगवटा नाही. तिनं टेबलापासून दोन पावलं मागं सरून बघितलं. आजवरच्या सगळ्या केकांत हा चांगला झाला होता, आणि हे ती स्वतःच्या तोंडानं म्हणायला तयार होती. आता फक्त मुंगीनं दारात येऊन "अय्या!" म्हणायचं बाकी होतं. एवढ्या एका "अय्या"साठी सगळा खटाटोप होता. पण ते तिला हवं होतं, तहान लागल्यासारखं हवं होतं.

मुंगी शाळेतून आली, दप्तर भिंतीला टेकवून ठेवलं आणि केकभोवती एक पूर्ण फेरी मारली. हात मागं बांधलेले.

"आवडला?" केकताईनं विचारलं.

"छान आहे," मुंगी म्हणाली. परक्या घरी खाऊ दिल्यावर मुलं म्हणतात तसं. मग जरा थांबून म्हणाली, "पट्टा नाहीये."

"पट्टा लागतच नाही. नीट केला की लागत नाही."

मुंगीनं यावर विचार केला. मग ती सिंकखाली वाकली, बराच वेळ तिथं काहीतरी खुडखुड करत राहिली आणि एक निळा टब घेऊन आली. "हा चालेल का? नेहमीचा फुटला."

"कशाला?"

"पाय धुवायला."

"कुणाचे पाय?"

"हिचे." मुंगीनं बाहुलीकडे बोट केलं, आणि एवढं साधं माणसाला कसं माहीत नाही अशा सुरात सांगू लागली. "सगळा झगा खाऊन झाला की पाय येतात ना बाहेर. चिकट झालेले असतात. सगळे गेले की कोमट पाण्यात धुवायचे आणि मऊ फडक्यानं पुसायचे. मी धुते. आई साबण द्यायची. बाबांना नाही माहीत, ते तेव्हा कुठल्यातरी लिफ्टवर गेलेले असतात." मग टबातली धूळ बोटानं पुसत म्हणाली, "मागच्या वर्षी केकच नव्हता. मागच्या वर्षीचे पण राहिलेत. म्हणून आज नीट धुवायचेत."

एवढं लांबलचक मुंगी तिच्याशी कधी बोलली नव्हती. ज्या दिवसाची आपण वाट बघत होतो तो आला, आणि असा आला. केकताईचा हात आपोआप खिशावर गेला आणि तिथंच राहिला. खिशातून काढून समोर ठेवावेत, सांगून मोकळं व्हावं, असं एकदा वाटलं. तोंड उघडलंही, पण त्यातून निघालं ते भलतंच. "शेजारच्या आजींकडे जा आणि वेणी घालून ये. छानशी घाल म्हणावं. घाई नाही."

मुंगी गेली. दार लागल्याचा आवाज आला तशी केकताई खुर्चीवर बसली. एका मुलीनं दोन वर्षं मनात जपलेली जागा, आणि तिथं आपण काय करून ठेवलं? तेही रागानं नाही, मत्सरानं नाही. मत्सरानं केलं असतं तर निदान ते आपलं तरी असतं. हे मनगटानं केलं होतं. तिला तो पत्र्याचा डबा आठवला, त्यातले एकावर एक पडलेले पाय, आणि पहिल्यांदाच मनात आलं, की त्यातले कितीतरी पाय कुणीतरी शोधले असतील. झगा संपल्यावर एखाद्या पोरीनं बाहुली उपसली असेल आणि खाली बघितलं असेल, तर काडी. ती रडली असेल, किंवा रडली नसेल, नुसतीच बघत राहिली असेल. दुकानात ते कधी कुणाला कळलं नाही. आपण दारापर्यंत खोकं द्यायचो, आणि आपल्याला वाटायचं आपण वाढदिवस साजरे करतोय.

ती उठली. केकमधून बाहुली उपसली तेव्हा कमरेजवळची फुलं तिच्यासोबत निघून आली आणि भोकाच्या कडा ढासळल्या. इतक्या वर्षांत किती पाय काढले याची गणती नव्हती. काढलेले पाय परत बसवायची वेळ मात्र तिच्यावर एकदाही आली नव्हती. मांडीशी, कमरेशी कुठल्या खुंट्या असतात, कुठल्या खोबणी असतात, हे तिनं कधी वाकून पाहिलंच नव्हतं. पाय गरम पाण्यात टाकून ठेवले, नरम होऊ दिले. चोळीचं क्रीम आणि केस बिघडू नयेत म्हणून बाहुलीखाली उशीसारखं फडकं सरकवून तिला टेबलाच्या कडेला पालथी धरली आणि एक पाय दाबला. बसेना. तिरका केला, दाबला, अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबला. शेवटी तो आत गेला. मग दुसरा. घड्याळाकडे एक डोळा, दाराकडे एक कान. दोन्ही पाय बसलेत एवढं हाताला लागल्यावर तिनं त्यांच्याभोवती पातळ प्लॅस्टिकचे वेढ्यांवर वेढे दिले, बाहुली सरळ केली आणि केकमध्ये उतरवली.

व्हायचं तेच झालं. बाहुली मांड्यांपर्यंत उघडी उभी राहिली. आणखी एक थर भाजायला वेळ नव्हता. पोरं यायची होती. उरलेलं क्रीम होतं ते वेगवेगळ्या गुलाबीचं, कुठे गडद, कुठे फिकं. केकताईनं ते सगळं एकत्र केलं आणि लांब पात्याच्या सुरीनं कमरेभोवती थापायला लागली. ढासळलेली फुलं त्याखाली गेली. पट्टा जाड झाला, एका बाजूला जास्तच जाड, आणि केक जरासा कलला. थापता थापता तिला त्या दुसऱ्या बाईचा हात कळला. ही चूक नव्हतीच. पिरगळले की पाय निघतात, त्याला काही वीस वर्षं लागत नाहीत, चार पावलं चालणारं पोरही करतं ते. त्या बाईनं दरवर्षी केक बिघडवला होता आणि पाय ठेवले होते. आपण मात्र फ्रिजसमोर उभं राहून हसत होतो. केकताईला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिनं फोटोंकडे पाठ केली आणि काम तसंच उभ्यानं संपवलं.

संध्याकाळी पोरं आली, फुगे फुटले, एकानं सरबत सांडलं. नवरा कपड्यांवरचे ग्रीसचे डाग तसेच घेऊन धावतपळत आला, केकसमोर थबकला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "अगदी तसाच झालाय गं," तो म्हणाला. या वाक्यानं तिला सकाळी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आता ती फक्त "हो" म्हणाली. मुंगी पट्ट्याकडे बघत होती. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. मेणबत्त्या विझल्या, नवऱ्यानं फोटो काढले, आणि अर्ध्या तासानं त्याचा फोन वाजला. कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलं होतं. तो गेला. केक खालून वर संपत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच केकताई आपण केलेला केक संपताना बघत होती. फुलं पहिल्या घासाला जातात, थर मागं राहतात, आणि मुलं पट्ट्याचं जाड क्रीम बोटानं ओरपतात, हे तिला नवीन होतं.

सगळे गेल्यावर मुंगीनं टबात पाणी घेतलं, हात घालून कोमट आहे का ते बघितलं, आणि बाहुली हळूच उपसली. केकताई साबण घेऊन शेजारी उभी राहिली. मुंगीनं प्लॅस्टिकचा एक एक वेढा सोडवला. शेवटचा वेढा सुटला आणि तिचे हात थांबले.

"पावलं मागं आहेत," ती म्हणाली.

केकताई वाकली. टाचा पुढं होत्या, बोटं मागं. पालथ्या बाहुलीला बसवताना डावा पाय उजवीकडे गेला होता, उजवा डावीकडे, आणि बोटं वर दिसली म्हणून तिला सरळ वाटले होते. उलट्या पावलांची कोण असते, हे कुठल्याच मुलाला शिकवावं लागत नाही. मुंगीनं बाहुली टबाच्या कडेवर ठेवली आणि तिच्यापासून हात काढून घेतले. तिचा चेहरा आंबट काहीतरी गिळल्यासारखा झाला होता.

"आधी अशी नव्हती," ती म्हणाली. "कपाटात राहून झाली?"

केकच्या वजनानं फिरली असतील गं, असं उत्तर केकताईच्या जिभेवर तयार होतं. चांगलं उत्तर होतं, पोरीला पटलंही असतं. पण पूर्ण पटलं नसतं. मग हे कोडं तिनं अंथरुणात पडल्या पडल्या आपल्या पद्धतीनं सोडवलं असतं, वर्षभर त्या वरच्या खणाकडे बघत, आणि या घरात कुणालाही ते कधी कळलं नसतं.

"मी केलं ते," केकताई म्हणाली. "सकाळी मीच तिचे पाय काढले."

"का?"

"दुकानात काढतो आम्ही. हाताला सवय आहे. तिचे निघून आले तेव्हा कळलं. मग पाय धुवायचेत असं तू म्हणालीस, तेव्हा घाईघाईनं परत बसवले. ते असे बसले." तिचा आवाज बारीक झाला होता. "तेव्हाच सांगायला हवं होतं. भीती वाटली मला."

मुंगी बघत राहिली. भिंतीकडे नाही, फ्रिजकडे नाही, सरळ तिच्याकडे. केकताईला ती नजर सोसवत नव्हती, तरी तिनं मान फिरवली नाही.

"आई काढायची?" मुंगीनं विचारलं.

"नाही," केकताई म्हणाली. हे मात्र तिला ठामपणे सांगता येत होतं, आणि या घरात दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नसतं. "तुझ्या आईनं एकदाही काढले नाहीत. कमरेला तो पट्टा असायचा ना? तो त्याचाच. पाय ठेवले की बाहुली उंच होते, केक पुरत नाही, मग अंग झाकायला पट्टा घालावा लागतो. पाय काढले असते तर तिचा केक दुकानातल्यासारखा दिसला असता. तिला ते नको होतं. तिला पाय हवे होते."

"मला धुवायला?"

"तुला धुवायला."

"मला वाटायचं, तो बेल्ट आहे," मुंगी म्हणाली. तिच्या खालच्या ओठाची कड थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. तिनं बाहुली उचलली, पाण्यात धरली आणि हात पुढं केला. केकताईनं त्या हातावर साबण ठेवला. मुंगीनं गुडघे धुतले, टाचा धुतल्या, मग बाहुली फिरवून मागं वळलेली बोटं धुतली, एक एक. मधेच नाक ओढलं. दोन वर्षांचे होते, म्हणून दोनदा धुतले. केकताई शेजारी उभी होती. तिला रडू येत होतं, आणि ते आपलं एकटीचं नाही, हे तिला बरं वाटत होतं.

"सरळ करून देऊ?" शेवटी तिनं विचारलं. "परत काढून बसवायला लागतील."

मुंगीनं बाहुली फडक्यात गुंडाळली, पाय आत नीट झाकले. "आज नको. दमलीये ती. उद्या कर, मी धरीन." ती निघाली, आणि दारात पोचल्यावर वळली. "आणि पुढच्या वर्षी केक करशील ना, तेव्हा मला हाक मार. तुला एकटीला जमत नाही."

वीस वर्षं बाहुल्यांचे केक केलेली केकताई ओला हात एप्रनला पुसत राहिली.

"नाही जमत," ती म्हणाली. "मारीन हाक."